जमिनीखालची डुकरं

सतराव्या पानावर अडलेय.
हाती आहे ते भाषांतराचं भाषांतर,
त्याचीही झेरॉक्स, कडेची अक्षरं कापलेली.
सातशे वर्षांपूर्वी कुणा लोकरीच्या व्यापाऱ्याचा कारकून
ठाण्याच्या बंदराला लागला, तीन महिने राहिला,
आणि घरी पोचल्यावर त्यानं लिहिलं:
‘या गावात जमिनीखाली डुकरं राहतात.
रात्री ती घरांचे पाये खातात
आणि लोक त्यांना काही बोलत नाहीत.’

संपादक म्हणाले, अद्भुताचा भाग आहे, चालायचंच.
एकपायी माणसं, श्वानमुखी माणसं,
नकाशाच्या काठाला जागा उरली
की कुणीतरी भरायचंच तिथं.
टीप देऊन टाका.

टीप सुचेना म्हणून सुकट आणायला निघाले.
चेंदणीच्या नाक्यावर लडकूबाई बसतात,
थर्माकोलच्या खोक्यावर लाल ऑइलपेंटनं
नातवानं लिहिलेलं: ल. धा. नाखवा.
सहज म्हणून डुकरांचं सांगितलं.
त्यांनी मापटं खाली ठेवलं.
‘अगो, ती घूस हाय!
डुकरावानी तोंड, पाया पोखरते, काय खोटं लिवलंय त्यानं?’

खरंच, काय खोटं लिहिलं?
त्याच्याकडे घूस हा शब्द नव्हता, एवढंच.
डुक्कर होतं, जमीन होती,
मोडक्या सामानातून त्यानं घूस बांधली
आणि ती समुद्रापलीकडे जाऊन
राक्षस झाली.

‘अजून काय लिवलंय?’
मला आठवलं ते सांगत गेले.
की इथं पान खाऊन लोक रक्त थुंकतात आणि मरत नाहीत.
की त्याला घेऊन आला तो तांडेल परधर्माचा,
नाखुदा म्हणतात त्याला,
आणि वादळात आपण देवाच्या आधी त्याचे पाय धरले
याची त्याला अजून लाज वाटते.
लडकूबाई नाखवा सुकट पाखडत होत्या.
‘आमी इथलेच,’ मधेच म्हणाल्या, ‘पैल्यापासनं.’
मी काही विचारलं नव्हतं.

‘नि आमचे बायका त्याला काय बोलल्या,
ता लिवलंय का कुठं?’

कुठं लिहिणार.
त्या काळचं आपलं जे उरलं ते दगडावर, तांब्यावर:
अमुक वाडी दान दिली, पूर्वेला खाडी, पश्चिमेला चिंच,
जो हे मोडील त्याच्या आईला
गाढवाची शिवी, चित्रासकट.
शिवी टिकली. धक्क्यावरचं बोलणं
भरतीबरोबर गेलं.

मी आपलं मनाशी रचून पाहिलं:
ओहोटी असणार, गुडघाभर चिखल.
त्यानं कातड्याचे जोडे काढून बगलेत घेतले असणार
आणि आयुष्यात ऊन न लागलेली ती पावलं...
कुणीतरी टोपली डोक्यावर सावरत म्हटलं असेल,
आला गं बाई, पांढऱ्या पायाचा!
मोठ्यानं बोलून दाखवलं तेव्हा
लडकूबाईंनी पदर तोंडाला लावला
आणि खांदे गदगदेपर्यंत हसल्या.

त्या पदराकडे बघताना मला एकेचाळिसावं पान आठवलं.
कालच मी ते फार गंभीर मराठीत उतरवलंय:
‘येथील स्त्रिया परक्या पुरुषास पाहताच
वस्त्राने मुख झाकून थरथरतात,
इतके त्यांस ईश्वराचे भय आहे.’

घरी येऊन ते पान पुन्हा काढलं.
एक शब्द बदलला नाही.
फक्त ‘झाकतात’पाशी पेन्सिलीनं बारीक खूण केली,
ती छापखान्यात कुणाला दिसणार नाही.

सतराव्या पानाची टीप मात्र लिहिली: घूस.
मग खोडली.
डुकरं राहू दे त्याची.

आता साडेबारा वाजलेत. चरईतला तळमजला,
बिल्डिंग पुनर्विकासाला दिलेली, सही आमचीच राहिलीय.
ओट्याखालून आवाज येतोय
कुणीतरी सावकाश भिंत खात असल्याचा.
शब्द मला पाठ आहे.
तरी दिवा लावेपर्यंत
तो आठवत नाही.