बॅटरीवाला

गोळीबार चौकाकडून इतवारीत शिरताना
डाव्या हाताला रेशीम टॉकीज होती.
आता तिथं टाइल्सचं दुकान आहे.
बावीस वर्षं मी तिथं बॅटरी मारली,
गुणवंत हेडाऊ, बाल्कनी आणि ड्रेस सर्कल.

भुताचे सगळे सिनेमे मी पाठ करून पाहिले,
म्हणजे पडद्याकडे पाठ करून.
उशिरा येणाऱ्याला जागा दाखवायची
तर तोंड माणसांकडेच ठेवावं लागतं.
म्हणून कोणत्या सिनेमात काय होतं ते मला विचारू नका,
लोकांचं काय होत होतं तेवढं सांगतो.

पांढरी साडी आली की पहिली रांग शिट्टी मारायची.
दार करकरलं की नवी नवरी
नवऱ्याच्या बाहीत तोंड खुपसायची.
मांत्रिकानं राख फेकली की
बाल्कनीतले सुपारीवाले पायानं चपला शोधायला लागायचे,
आता पाचच मिनिटं राहिली, त्यांना ठाऊक असायचं.
सगळे एकदम ओरडायचे, मग एकदम हसायचे,
आणि मध्यंतरात तर्रीत बुडवलेला आलुबोंडा.
भीती म्हणजे पंगत होती ती.
शेजारच्याच्या पानात काय वाढलं
ते ज्याला त्याला दिसायचं.

मग एका मे महिन्यात, सत्तेचाळीस डिग्रीत,
‘शेजारचा नळ’ लागला.
पोस्टरवर रक्त नाही, केस मोकळे सोडलेली बाई नाही,
बनियनवरचा एक माणूस, भिंतीला कान लावून.
लोक आले ते आमच्या कूलरसाठी.

गोष्ट एवढीच की
पलीकडे कोणी नळ उघडा टाकून गेलंय.
माणूस रात्री उठतो, बंद करायला जातो,
तर पलीकडे घरच नाही,
मोकळा प्लॉट, बाभळी.
परत येऊन तो बायकोला सांगत नाही.
पुढचे दोन तास
तो फक्त सांगत नाही.

अर्ध्या तासानं मागून कोणी ओरडलं,
“भूत कवा येते बे?”
कोणीच हसलं नाही. तोही नंतर गप्प.
मी बॅटरी खाली धरून फिरलो.
एक जण खिशातली किल्ली चाचपत होता, पुन्हा पुन्हा.
एक मास्तर बोटं मोजत होते,
दहा भरली तरी परत अंगठ्यापासून.
पंगत तीच, खुर्च्या त्याच,
पण प्रत्येक जण पानावर हात आडवा धरून जेवत होता.

देवगडे बाबूंच्या रजिस्टरात एक रकाना असे: प्रकार.
धार्मिक, मारधाड, सामाजिक, भुताचा.
त्या शुक्रवारी बाबूंनी ‘भुताचा’ लिहिलं, खोडलं,
‘कौटुंबिक’ लिहिलं, तेही खोडलं,
पेन कानावर ठेवून चहा मागवला.
पुढं असे अजून तीन-चार आले त्या जातीचे.
रकाना कोराच राहिला.
ऑपरेटर शकीलभाई मात्र त्यांचे डबे
वेगळ्या कपाटात ठेवायचे, का ते बोलले नाहीत.

बुधवारचा रात्रीचा शो.
दिवे लागले, लोक गेले,
जे रांगेत एक बाई बसूनच.
हातात ओला रुमाल, आवाज अगदी साधा:
“भाऊ, माझ्या बाजूला कोणी बसलं होतं का?”

तिकिटं मी दोन फाडली होती.
चेहरा एकच आठवत होता.
हो म्हणावं तर काय, नाही म्हणावं तर काय,
पांढऱ्या साडीच्या जमान्यात
असा प्रश्न कोणी विचारला नव्हता मला.
मी म्हणालो, “होतं ना.”
बाईंनी मोठा श्वास सोडला, पर्स उचलली, गेल्या.
सुटल्या म्हणून सोडला, की अडकल्या म्हणून,
एवढी वर्षं झाली, मला लावता आलं नाही.

मी सवयीनं सीटखाली बॅटरी मारली.
अकरा नंबरची खुर्ची खटकन वर गेली होती.
बारा नंबरची
हळू, फार हळू
वर येत होती.

तिची स्प्रिंग ढिली होती तशी.
मालकाला तीनदा सांगितलं होतं.