रकाना

शिळीमकर हवालदार जिना चढतात तेव्हा
आधी चपलेचा आवाज येतो, मग दुसरा, कोरडा.
तेवढ्यात मी खाली ओरडून चहा सांगते.

खडकी बाजारात, झेरॉक्सच्या वर, माझी खोली.
जुलैत इथे पंख्याखाली पासबुकं फडफडतात,
माणसं आपलं वर्ष टेबलावर ओततात:
औषधांच्या पावत्या, घरभाडं, नातवाची फी.
यांनी रेशनच्या पिशवीतून
मेडिकल बोर्डाचा कागद काढला,
घड्यांवर टेप लावलेला.
डावा पाय, गुडघ्याखाली. पन्नास टक्के. आजन्म.

काका, तेव्हा लगेच घरी पाठवलं होतं का?
"पाठवत होते. मीच गेलो नाही.
स्टोअरला बसवा म्हटलं, ब्लँकेटं मोजतो.
अकरा वर्षं मोजली.
एक कमी भरलं नाही."

इथेच अडलं होतं सगळं.
तेव्हाच निघून गेला असतात
तर तुमचा पाय करमुक्त होता.
राहिलात, म्हणून तो उत्पन्नात आला.
हे मी बोलले नाही.
मी म्हणाले, परिपत्रक आहे, वाद आहे,
आपण सूट मागू, नोटीस आली तर उत्तर देऊ.
"म्हणजे कापलेल्यातून कापणार?"
म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.

मग खिशातून दुसरा कागद. पतसंस्थेचा.
मेव्हण्याचा टेम्पो, यांची जामीनकी,
टेम्पो चाकणला कुणाच्या तरी दारात, मेव्हणा कुठे ते नाही माहीत.
वसुलीवाला दारात बोलून गेला: तुमची पेन्शनच उचलतो.

उचलता येत नाही, मी म्हणाले.
पहिल्यांदाच माझा आवाज मोठा झाला.
कायदा जुना आहे, राणीच्या राज्यातला,
पण एवढ्या एका गोष्टीत शहाणा:
पेन्शनवर जप्ती नाही.
सरकारच्या हातातून तुमच्या हातात येईपर्यंत
मध्ये कुणी हात घालायचा नाही.

"आणि हातात आल्यावर?"

आल्यावर ते पैसे होतात, काका.
मग त्यांच्यावर कुठे लिहिलेलं नसतं
कशाचे आहेत ते.

बराच वेळ ते खिडकीतून बघत राहिले.
खाली ॲम्युनिशन फॅक्टरीची शिफ्ट सुटली होती,
सायकली, स्कूटर, एक बाई भाजीची पिशवी सावरत पळत होती.
"बहिणीला आत्ता काही सांगू नका," म्हणाले.
मी त्यांच्या बहिणीला ओळखतही नाही.

फॉर्मात पाय बसेल असा रकाना नव्हता.
जो त्यातल्या त्यात जवळचा, त्यात आकडा लिहिला.
फी नको म्हटलं तर चिडले,
दोनशेची नोट पेपरवेटखाली सरकवली:
"ही कापलेली नाही. दिलेली आहे."

उतरताना क्रम उलटा असतो.
आधी कोरडा आवाज, मग चपलेचा.
सतरा पायऱ्या.
चौदाव्या पायरीला ते थांबले,
पोचपावतीची घडी घालत असावेत.
मीही थांबले, पुढच्या माणसाला आत बोलवायची.