काठी माझी हाय

सेलूला स्टेशन रोडवर, जिनाच्या भिंतीला लागून
बशारत मिस्त्रीचं दुकान.
जळके ट्रान्झिस्टर बिस्किटाच्या डब्यात,
आणि मीटर एकच, त्याचाही काटा अडकलेला.

मी पाटबंधाऱ्यात कारकून. फरक मिळाला तेव्हा
औरंगाबादहून दोन पेट्या आणल्या, सागवानी,
उचलायला दोन हमाल.
बायको म्हणाली, घरात काय आवाज कमी आहे?

पेट्यांसोबत एक कागद होता,
वीसपासून वीस हजारापर्यंत काय काय ऐकू येईल त्याचा.
मिस्त्रीनं तो वाचला नाही. त्यावर भजी ठेवली.
म्हणाला, बुधवारी आणा.
बुधवारी सटवाजी मोकळा असतो.

सटवाजी रेणके आला तो सायकलवर,
संबळ कॅरिअरला बांधलेलं,
कवड्यांची माळ पिशवीत,
कारण हे काही देवीचं काम नव्हतं.
मिस्त्रीनं शटर अर्धं ओढलं, टेप लावला,
आणि सटवाजीनं डाव्यावर वाकडी काठी टाकली.

ते मला सांगता येत नाही.
एवढंच सांगतो, की डब्यातले ट्रान्झिस्टर खुळखुळले,
कपातल्या चहावरची साय सरकली,
आणि माझ्या दाढेत भरलेली चांदी
पहिल्यांदा मला जाणवली.
उजव्याचा तडतडाट तर कानात आलाच नाही,
तो सरळ कातडीवर पडला, गारांसारखा.

मग तेच टेपवरून, माझ्या पेट्यांतून.
मला वाटलं, वा.
सटवाजी खोक्यावर पाठमोरा बसून ऐकत होता.
म्हणाला, "ह्यो कोण वाजवायलाय?
काठी माझी हाय. हात माझा न्हाई."

मिस्त्री उठला. पाठची फळी खोलली,
जिनातल्या गड्याकडून पसाभर रुई आणली, आत कोंबली.
पुन्हा टेप.
"आता हात हाय. पण जेवून बसलेल्याचा."
मी म्हटलं, म्हणजे?
"गोंधळ उपाशीपोटी असतोय, सायेब."

रुई थोडी काढली. एक तार बदलली.
मधेच काचीगुडा पॅसेंजर शिट्टी मारत गेली,
तेव्हा तिघेही थांबलो.
मिस्त्री म्हणाला, ये देखो, इसको कोई पेटी नहीं पकड़ती.

असे चार बुधवार.
चौथ्याला सटवाजी बराच वेळ बोलला नाही.
मग पाठ वळवून पेटीकडे बघितलं,
तिथं कुणी बसलंय का, असं.
"थोडका हाय," म्हणाला.
मिस्त्रीनं स्क्रू आवळले.
"बस साब. इसके आगे सटवाजीच हय."

पंचवीस वर्षं झाली.
मिस्त्री मुलीकडे नांदेडला, उजव्या कानानं गेला.
सटवाजी पुरताच गेला.
मुलगा तांब्याएवढा स्पीकर घेऊन येतो, विचारतो, कसा आहे?
मी चांगला म्हणतो. चांगला आहेच.
कधी ती टेप लावतो आणि डोळे मिटतो,
पण ताडून बघू कशाशी?
डोक्यातलं संबळ इतक्यांदा वाजवलंय
की तिथेही कुणी रुई कोंबली असेल.

परवा मागच्या गल्लीत लग्नाचा गोंधळ होता.
कर्ण्यातून नुसता कालवा, मी खिडकी लावली.
साडेदहाला लाईट गेली.
कर्णे मेले, आणि त्याखालून
संबळ वर आलं.
अंधारात चप्पल सापडेना, तसाच गेलो.

बत्तीच्या उजेडात सटवाजीचा नातू, विशीचाही नसेल,
डोळे मिटलेले, कपाळावर शिर उभी.
काठी तीच असावी, वाकडी, टोकाला झिजलेली.
हात सटवाजीचा नव्हता.
हा घाईचा, जरा उर्मट,
सम आल्यावर तिला थांबू न देणारा.
माझ्या दाढेत चांदी जागी झाली.

लाईट आल्यावर घरी येऊन
पेटी भिंतीपासून ओढली, स्क्रू सोडवले.
रुई पिवळी पडली होती.
चिमूटभर काढली. मग अजून थोडी.
बायको दारात उभी. आता रात्री काय हे?
म्हटलं, बुधवार आहे ना आज.
ती म्हणाली, शुक्रवार आहे.