सतरा मूर्च्छा

पारोळ्याच्या कॉलेजात, जेवणानंतरच्या तासाला
मी शिकवते परमुलखातल्या किल्ल्यांच्या जुन्या कादंबऱ्या.
खिडकीतून आमचा किल्ला दिसतो :
खंदकात बाभळी, बाभळीत अडकलेलं प्लॅस्टिक,
भिंतीला टेकून पंक्चरचं दुकान.
त्यामुळे किल्ला म्हणजे काय, यावर वेळ जात नाही.

वेळ जातो मुलीवर.
तिची आई बहुधा मेलेली,
पालक म्हणून एक काका, त्याला तिची जमीन हवी,
जमिनीसोबत तीही चालेल.
मग जिना, भुयार, विझायला आलेला दिवा,
भिंतीआड कुणाचं तरी कण्हणं
आणि घोड्यावरून तो.
मी फळ्यावर लिहिते : शौर्य, शपथ, स्त्रीदाक्षिण्य.
शेवटच्या शब्दाला खडू मोडतो. दरवर्षी.

चंचल बडगुजर मोंढाळ्याहून एसटीने येते.
वहीच्या मागच्या पानावर तिच्या रेघा चालू होत्या,
कापसाची गाठोडी मोजताना मारतात तशा,
चार उभ्या, एक आडवी.
हे काय गं?
"मॅडम, ती सतरा वेळा बेशुद्ध पडते.
आणि दर वेळी डोळे उघडेपर्यंत
कोणीतरी तिचं काहीतरी ठरवून मोकळं झालेलं असतं."

वर्ग हसला. मीही, जरा उशिरा.

चिडली की तिच्या तोंडून अहिराणी निसटते :
"लगीन झायं ते झायं.
पन किल्लानी किल्ली कोनाकडे गई?"

शेवटचं प्रकरण मी पुन्हा काढून पाहिलं.
दुष्टाच्या कमरेची किल्ली
वीराच्या कमरेला लागली होती.
तिच्या हातात फुलं.

माझा वीर मारुतीच्या पारावरून निघाला,
तासावर ठरवलेल्या घोडीवर,
हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू.
मला कुणापासून सोडवायचंय, हे मी विचारलं नाही.
बँडपुढे ऐकूही गेलं नसतं.
अमळनेरला मला कोणी कोंडलं नव्हतं.
सुरतेला त्याची पाळी रात्रीची,
जाताना बाहेरून कडी घालायचा,
माझ्याच काळजीनं.
काळजी हा शब्द मी फळ्यावर लिहीत नाही.

चंचलकडे रविवारी पाहुणे येणार होते.
सोमवारी ती आली नाही, मंगळवारी चाचणी होती.
वीराच्या शौर्यावर टीप लिहा. गुण पाच.
तिनं वीराला दीड ओळ दिली.
बाकीचं पान त्या म्हाताऱ्या दासीला,
जी दुसऱ्या प्रकरणात वाती वळत बसलेली असते
आणि पुढे लेखकाच्या लक्षातच राहत नाही.
"चाळीस वर्षं ती तिथे दिवे लावते," चंचलनं लिहिलं होतं,
"तिला सगळे चोरदरवाजे माहीत असणार.
मुलीनं तिला विचारलं असतं
तर घोडा लागला नसता.
पण मग लग्न कसं लागणार?"

प्रश्नाला धरून नाही. मी साडेचार दिले.
अर्धा कापला शुद्धलेखनाचा :
'शुद्ध' हा शब्द तिनं तिन्ही वेळा चुकवला होता.

संध्याकाळी स्टँडवर मी पर्समध्ये सुटे शोधत होते.
खोलीची किल्ली खाली पडली, तिनं उचलली.
"भाड्याची आहे," मी उगाच सांगितलं.
तिनं ती तळहातावर घेऊन
वजन बघितल्यासारखं केलं, परत दिली.

मोंढाळ्याची गाडी लागली. गर्दीतून आत घुसून
तिनं खिडकीची काच सरकवली :
"परवा पाहुणासमोर मीबी पडनू, मॅडम!
अठरावी!"
गाडी हलली, धूर, कंडक्टरची घंटी,
आणि त्यातून तिचं हसणं :
"पन डोया उघडाच व्हतात!"