हाफ फोटो

फ्लेक्सवाल्यानं परत पाठवलं त्यांना.
म्हणाला, एवढ्याशा फोटोचा मोठा केला की चेहरा फुटते,
लाखांदूरच्या पेंटरकडे जा.
म्हणून हिरामण वलथरे आले माझ्या टपरीत,
सोबत पोरगी, अन् पिशवीतल्या पिशवीत
कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो.

तिसऱ्या रांगेत, कोपऱ्याला, रायवंताबाई.
नवरदेवाच्या मावसभावाच्या खांद्यानं
डावा गाल खाल्लेला.
उरलेल्या तोंडावर पदर.
मला मिळालं ते एक डोळा, थोडं कपाळ
अन् फ्लॅशनं पांढरं पडलेलं कुंकू.
"तेरवीच्या आत पाह्यजे," हिरामण म्हणाले.
"कितीक घेसान?"

मी जन्मभर नाटकांचे पडदे रंगवले.
राजवाडा, जंगल, तुरुंग,
तिन्हींवर चंद्र एकच. कोणी तक्रार केली नाही.
शाळेमागच्या भिंतीवर बैलाएवढ्या अक्षरांत
हागणदारीमुक्त गाव लिहिलं,
भिंतीपलीकडं माणसं बसलेली असताना.
चेहऱ्याचं तसं नसतं.
चेहऱ्याला घरचे लोक असतात.

पोरगी म्हणाली, नाक असं नव्हतं.
दीर म्हणाला, रंग उजळ करा थोडा,
आता देवाघरी गेली.
मग पवनीहून बहीण आली,
बोर्डाकडे पाहिलं, काही बोलली नाही,
पोरीला दंडाला धरून माझ्यापुढे बसवलं.
"हनुवटी इची घ्या. तेच हाये."
पोरगी बसली. हनुवटी थरथरत होती.
मी थरथर सोडून बाकीची घेतली.

ओठांशी येऊन अडलो.
दात कसे होते, विचारलं. हसल्या की दिसायचे?
हिरामण खिशात काडीपेटी शोधत राहिले,
या खिशात, त्या खिशात.
"पदर राहे जी तोंडावर.
एकतीस वर्सं झाली.
हासे तं आवाज ये."

तशी मलाही ठाऊक होती ती.
बुधवारच्या बाजारात चिंचेखाली दुकान,
मरळ, शिंगूर, वाट्यानं झिंगे.
वीस वर्षं तिच्याकडून मासे घेतले मी,
अन् डोळे मिटून काढीन तिचे हात:
मनगटावर गोंदलेला विंचू, शेपटी विटलेली;
अंगठ्यावर पावशीचा जुना काप;
राखेत बोटं बुडवून मरळ धरायची,
उलटी ओढली की खवले उडत,
कोपरापर्यंत चमकत बसायची बाई.
तोंडाकडे कधी पाहिलं नाही.
मी तराजूकडे पाहत होतो.

म्हटलं, हात काढू का? मला येतात.
"हात कायले?" हिरामण म्हणाले.
"देवाजवर लावाचा फोटो.
हाफच पाह्यजे. सगळ्यायचा हाफच राहते."

काढले मग ओठ, मिटलेले.
पदर डोक्यावर घेतला, तोंडावरून खाली आणला,
आणताना उगाच वाटलं, विचारायला हवं होतं.

बाराव्या रात्री डोळे उरले.
बुबुळात पांढरा ठिपका द्यावा लागतो,
नाहीतर माणूस बाहेर गेल्यासारखं दिसतं.
माझे उस्ताद सांगत, खिडकीचा उजेड समज.
माझ्या टपरीला खिडकी नाही.
सगळ्यात बारीक ब्रश घेतला, टोक बोटांत आवळलं,
अन् ठिपक्याच्या जागी
एकेक खवला ठेवला,
उजव्या डोळ्यात किंचित तिरपा.

तेरवीला पाटावर मांडला, हार घातला.
हिरामणनं दोनशे कमी दिले, मी मोजले नाहीत असं दाखवलं.
दीर म्हणाला, वयनी असं रोखून नोती पाहत.
पोरगी वाकली, अगदी जवळ गेली,
"इथं काहीतरी लागलं हाये," म्हणत
ओढणीचं टोक घेऊन डोळा पुसायला निघाली.
मी पंगतीतून ओरडलो,
हात नको लावू,
ऑइल कलर आहे बाई,
चार दिवस ओलाच राहतो.