विषम आकडे

रुस्तावीच्या बाजारात काचांवर खडूनं भाव लिहिलेले.
ही चांदीच्या रंगाची, मध्यम अंगाची, चार दारांची,
डिकीत दोन पोती बटाटे आणि वाईनचे चार डबे
उभेच्या उभे मावतील एवढी.
विकणारा म्हणाला, सहा हजार दोनशे डॉलर,
एक तेत्रीही कमी होणार नाही.
मी एकतीस वर्षं नववीला रसायनशास्त्र शिकवलंय.
असं ठासून बोलणारी मुलं मला ठाऊक आहेत.
पाच हजार सातशेला पटलं.

मालखाझनं गाडी जॅकवर चढवली, खाली शिरला,
आणि बराच वेळ नुसते त्याचे बूट माझ्याशी बोलत राहिले.
'पुढचं डावं अंग दुसऱ्या कुठल्या गाडीचं आहे, त्सियाला बाई.
तिकडे अमेरिकेत आपटली, जहाजातून पोतीला उतरली,
इथे ठोकून ठोकून सरळ केली.
कॅटॅलिस्ट कुणीतरी कापून विकलंय.
तशी वाईट नाही. माझ्या मेव्हण्याचा गुडघाही असाच आहे,
पण लग्नात नाचतो.'

प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम.
फळ्यावर लिहायचे तेव्हा मागच्या बाकावरचे झोपायचे.
त्यांतलाच एखादा आता करवत घेऊन
गाड्यांखाली जागा असेल.

रेडिओही तिकडचाच.
त्याला दशांशचिन्हापुढे फक्त विषम आकडे कळतात.
माझं स्टेशन चारवर. हा तीनवरून पाचवर उडी मारतो,
मध्ये कुणी राहतं हे त्याला मान्यच नाही.
तीनवर ठेवलं की खरखरीतून
गोंबोरीच्या घाटातलं हवामान तेवढं येतं.

कप्प्यात, माहितीपुस्तकाखाली, एक वही होती.
हिरव्या पुठ्ठ्याची, तेलकट कोपऱ्यांची.
तारीख, मैल, गॅलन. तारीख, मैल, गॅलन.
अक्षर उजवीकडे झुकलेलं, सातच्या पोटात आडवी रेघ.
शब्दकोश घेऊन बसले तेव्हा बाकीचं कळलं:
ऑइल बदललं. टायर फिरवले.
मागच्या सीटवर दूध सांडलं, वास जात नाही.
(अजून गेलेला नाही. मला वाटलं होतं, जहाजाचा असेल.)
एका ठिकाणी नुसतंच: आज बर्फ, पण सुरू झाली!
डोळ्यांत तेल घालून सांभाळलेली गाडी.
शेवटची नोंद शहाण्णव हजार चारशे बारा मैलांवर.
ब्रेक वाजतात. पुढच्या आठवड्यात.

त्यापुढे कोरी पानं. पुष्कळ.

मी वही मिटली, चहा केला, तो प्यायला विसरले.
माणूस की बाई, एकटं की दूधवाल्या बाळासकट,
काहीही लिहिलेलं नाही.
पुढच्या डाव्या अंगाला विचारावं, तर ते दुसऱ्याचं.

सकाळी मालखाझकडे गेले.
म्हणाला, ब्रेक चांगले आहेत बाई, विकणाऱ्यानं नवेच घातलेत.
मी म्हटलं, बदल.
म्हणाला, उगाच पैसे.
मी वर्गात बघायचे तसं बघितलं. त्यानं पाना उचलला.

तेलावीच्या वाटेवर, उतारावर, वळण संपता संपता
सात-आठ गाई रस्त्यात बसलेल्या,
रस्ता त्यांच्या हुंड्यात आल्यासारख्या.
पाय दाबला. गाडी जराशी वाकली आणि थांबली.
एका गाईनं कान हलवला. बटाटे मागे एकदा गडगडले.
मी तिथेच हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले,
मागचा ट्रक हॉर्न वाजवेपर्यंत.

रात्री वही उघडली.
मैलांचे किलोमीटर केले, एक पूर्णांक सहाशे नऊनं गुणून,
हातचा विसरले, पुन्हा गुणले.
त्या झुकलेल्या अक्षरांखाली माझी गोल जॉर्जियन अक्षरं.
तारीख. लिटर. ब्रेक बदलले.
मग लिहिलं: डावा आरसा थरथरतो.
पुढच्या
एवढं लिहून पेन थांबलं.
खिडकीतून दिसत होतं, मालखाझचा दिवा अजून चालू होता.
पण बटाटे शिजत आले होते.