पुसू नये

हॉलमध्ये दीडशे खुर्च्या मी मांडल्या,
पहिल्या रांगेतल्या सोळांवर पांढरी कापडं घातली.
रंगाऱ्याने फलकावर 'बार्रेटो'तला एक र खाल्ला होता,
तो सकाळी मीच खडूने भरला.
आज ओलिंडा मिसचा सत्कार,
उत्कृष्ट अध्यापनाचा, सरकारी शिक्क्याचा.

पाहुणे मडगावहून निघालेत, पारोड्यापर्यंत पोचलेत म्हणे.
तोवर सांगतो.
मला माईकवर कुणी बोलावणार नाही.
मी पुनो वेळीप, केप्याच्या कॉलेजचा शिपाई,
खोली नंबर चौदाची चावी माझ्याकडे.

सव्वीस वर्षं फळे पुसतोय.
फळ्यावरून माणूस कळतो.
कुणी डावी बाजूच वापरतात, जन्मभर.
कुणाचा फळा यंदाच्या सोमवारी जो,
तोच पुढच्या वर्षीच्या सोमवारी.
मिसच्या तासानंतर मला काम नसे.
जाताना स्वतः पुसायची, ओल्या फडक्याने, कोपऱ्यांसकट.
"फुडल्याक नितळ मेळूं, पुनो."

एकदाच नाही पुसला.
बेतूलच्या रापणकाराचा मुलगा,
पहाटेच्या होडीवरून थेट वर्गात येणारा, केसांत मीठ,
त्याने हात वर केला:
चंद्र पाणी ओढतो, बरं.
पण चंद्र तर एकाच बाजूला.
मग दिवसाला भरती दोनदा कशी?

मी दाराशी, घंटेला निघालेला.
मिस म्हणाली, "पुस्तकातलं उत्तर मला येतं.
तुला पटेल असं अजून येत नाही."
प्रश्न लिहिला, भोवती चौकट,
खाली दोन शब्द: पुसू नये.
त्या दिवशी घंटा तीन मिनिटं उशिरा झाली.

तीन दिवस प्रश्न तिथेच.
बाकीचे सर कुरकुरत कडेकडेने लिहीत राहिले.
रात्री कुशावतीच्या काठाने घरी जाताना
मीही चंद्राकडे बघून बोटं मोजू लागलो,
मी, चौथी पास.

चौथ्या सकाळी कुलूप काढायला गेलो
तर मिस पायरीवर बसलेली,
चपलांना बेतूलचा चिखल.
तासाला एवढंच म्हणाली,
चंद्र पाण्याला ओढतो, तशी पृथ्वीलाही ओढतो,
आणि थांबली. खडू पुढे धरून.
बराच वेळ कुणी हललं नाही.
मग शेवटच्या बाकावरची एक पोर,
जिचा आवाज वर्षभर कुणी ऐकला नव्हता:
"म्हणजे पलीकडचं पाणी मागे राहतं, मिस?"
मिस बाकावर जाऊन बसली, तिच्या जागी.
पोर फळ्यापाशी.

एवढंच सांगितलं असतं मी.

गाड्या आल्या. भाषणं झाली.
'ज्ञानदीप' सात वेळा आला, मी मोजला.
शाल तिच्या खांद्यावरून घसरत राहिली.
नंतर मी खुर्च्या गोळा करत होतो,
ती मागून आली, नारळ माझ्या हातात कोंबला.
"हुमण कर. आणि चौदा उघड जरा,
चष्मा राहिलाय आत."

चष्मा तिच्या डोक्यावर होता.
मी चावी काढली.